कोनाडा

सोसायटीच्या धान-गोदामामागची खोली.
आधी इथे बारदाना असायचा, वास अजून त्याचाच.
लोकचंद नाकाडेंनी भिंतींना चुना मारून ठेवला होता
आणि दारावर मोठ्या अक्षरात : चप्पल बाहेर.

बँकेने टाकून दिलेले सात संगणक.
एकेकाचं पोट उघडून मी हार्ड डिस्क काढून घेतली.
आता यांना आठवण अशी नाही,
यांनी फक्त दाखवायचं.
खरं काम गोंदियात, एका थंड खोलीत,
एकाच दांडग्या यंत्रावर चालणार.
इकडे पाथरटोल्याला येणार ते त्याचं चित्र,
इटियाडोहच्या कालव्याचं पाणी येतं तसं,
आलं तर आलं.

मग कुलपं घालत गेलो.
राइट क्लिक बंद.
खालची पट्टी काढली, मेनू काढला.
मागचं चित्र बदलता येणार नाही : निळा रंग, बस.
पेन ड्राइव्ह बंद. तीन बटणं एकदम दाबायची
ती जुनी युक्तीही बंद.
बाहेर पडायला एकच दार,
आणि त्यातून बाहेर पडलं की मागचं सगळं साफ,
सारवलेल्या अंगणासारखं, पाऊलसुद्धा नाही.
मला हे आवडतं, खरं सांगतो.
ज्याला काही मोडताच येत नाही
त्याचा रात्री दोनला फोन येत नाही.

सातव्याचा पडदा बराच वेळ काळाच राहिला.
"लाजते का जी ते?" नाकाडे म्हणाले.
मग वरून खाली, हळूहळू,
ओलं लुगडं दोरीवर सोडावं तसा
निळा उतरला.

पहिल्या आल्या देवांगना कोरेटी,
बचत गटाचा हिशेब त्यांच्याकडे.
चष्मा पदराने पुसला,
माउस धरला चिमटीत, निखारा उचलतात तसा.
अर्धा तास टाइप करत होत्या,
कोणी भरले, कोणाचे राहिले.
वीज गेली.
त्यांनी हात झटकन मागे घेतला,
जणू त्यांच्याच हातून काही झालं.

वीस मिनिटांनी आली.
म्हटलं, आता मुद्दाम दुसऱ्यावर बसा.
बसल्या. नाव टाकलं.
"कौशल्या बोगा, दोनशे" इथपर्यंत लिहिलेलं,
आणि दोनशेच्या पुढे ती उभी काडी
तशीच लुकलुकत.

त्या हसल्या नाहीत. विचारलं,
"आन् मी काम आटपून घरी गेली का हे कुठं राह्यते?"
राहत नाही, म्हटलं. पुसलं जातं. सुरक्षेसाठी.
त्या खोलीभर बघत राहिल्या.
"मातीचं घर असलं तरी
भितीत एक कोनाडा ठेवतेत जी.
दिवा ठेवाले. दिवा नाई तं फणी."

नियमात कोनाडा नव्हता.
मी खुर्ची ओढली, गोंदियाच्या यंत्रात शिरलो
आणि एकेकाच्या नावाने एक कप्पा पाडला.
पाच मिनिटांचं काम.
काम पूर्ण झाल्याच्या कागदावर ते लिहिलं नाही.

आता रात्री कधी तपासायला उघडतो.
सात जागा : सहा झोपलेल्या, एक जागी.
मला वाटलं तर तो पडदा बघता येतो,
बसलेल्याला न कळता.
ती सोय मीच ठेवलेली.

परवा आठ वाजून गेले होते.
चार अक्षरं, थांबा. एक खोडलं.
परत तेच.
हिशेब नव्हता, आकडा एकही नव्हता त्यात.
"माय, तू गेली त्याले" एवढं वाचलं गेलं
आणि खिडकी मिटली.

झोप आली नाही. उठून ती सोय काढून टाकली.
एक कुलूप माझ्याही बाजूने.

सकाळी नाकाडेंचा फोन :
चौथ्याचा माउस चालत नाही,
वायर उंदरानं खाल्ली.